वायफाय जोडलेलं आहे पण वेबसाइट उघडत नाही. राऊटर रिसेट करू की नवा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की वायफायची खूण भरलेली दिसते, राऊटरवर लाल लाइट नाही, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतात, पण लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही एकही वेबसाइट उघडत नाही. आणि ओळखीच्या कोणीतरी सांगितलंय की मागच्या भोकात पिन घालून रिसेट मारा, नाहीतर सरळ नवा राऊटर आणा.

दोन्ही करू नका. पिनेला तर हातच लावू नका. मोबाइल डेटा बंद करून बघा. तरीही मेसेज येत असतील तर तुमचा राऊटर चालू आहे आणि बाहेरून येणारी फायबरही चालू आहे. अशा वेळी माझा पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेवर जातो, आणि तो तपासायला पाच मिनिटं पुरतात.

मी अमळनेरची. अकरा वर्षं एमएस-सीआयटीच्या वर्गाला शिकवते. वर्गातले वीस कॉम्प्युटर, त्यांच्या वायरी, स्विच, राऊटर सगळं मीच बघते. बाहेरचा माणूस बोलवायची वेळ क्वचित येते. तरी माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर, "एमएस-सीआयटीवाल्यांना नेटवर्किंगमधलं काय कळतं" हे वाक्य मी ऐकलेलं आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि तो दिवस जसाच्या तसा समोर आला.

लेकीचा इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळी मुदत संपणार. कॉलेजांचा क्रम तिने आठ दिवस घासून वहीत लिहून ठेवला होता: जळगावचं सरकारी कुठे टाकायचं, शिरपूर आधी की बांभोरी, पुण्यातली किती घ्यायची. त्या वहीची पानं खोडून खोडून फाटायला आली होती. सकाळी साडेदहाला लॅपटॉप उघडला तर पानच येईना. पांढरा पडदा, वर गोल गोल फिरतंय, आणि शेवटी "सर्व्हरचा पत्ता सापडला नाही".

मी आधी राऊटरजवळ गेले. पॉनचा, म्हणजे फायबरच्या लाइनचा, लाइट हिरवा, स्थिर. इंटरनेटचा लाइट चालू. मग शेजारच्या काकूंना भिंतीवरून विचारलं. त्यांच्याकडेही तोच ऑपरेटर, त्यांची मालिकासुद्धा सकाळपासून लागत नव्हती. एकाच गल्लीतले दोन राऊटर एकाच सकाळी कसे बिघडतील? मग लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे "आहेस का" अशी हाक मारली. चारही उत्तरं आली. मग तेच एका वेबसाइटचं नाव टाकून केलं, तर होस्ट सापडत नाही. म्हणजे रस्ता मोकळा होता, पत्ता सांगणारा गायब होता.

वर्गात मी हे असं सांगते. आपल्या पेठेत घर नंबर कोणी विचारत नाही. पाहुणा येतो तो कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारतो, पाटील मास्तर कुठे राहतात? टपरीवाला हात करून दाखवतो, पाहुणा पोचतो. टपरी बंद असली तर रस्ता तोच, मास्तर घरीच, पण पाहुणा चौकात उभा. डीएनएस म्हणजे ती टपरी. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, नेटला आकडे लागतात, आणि नावाचे आकडे करून देणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एका फायलीत लिहिलेली असायची. व्हॉट्सअ‍ॅप तेवढं चालू राहतं, कारण ते बहुतेक वेळा आधीच जोडलेलं असतं, त्याला टपरीवर विचारायला जावं लागत नाही.

तर मी एवढं तपासून, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलायला बसले होते. तेवढ्यात माझे दीर खोलीत आले. पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, सुटीवर आले होते. म्हणाले, "वहिनी, सरका. राऊटर हँग झालाय. रिसेट मारला की झालं."

मी म्हटलं, "भाऊजी, राऊटरचं काही नाही. डीएनएस उत्तर देत नाहीये. शेजारीही तेच आहे. दोन मिनिटं द्या."

तेव्हा ते वाक्य आलं, एमएस-सीआयटीचं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय व्हयनं वं?" मी सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "त्याले समजस, तू ऱ्हाऊ दे." नवरा काहीच बोलला नाही. दिरांनी माझ्याच बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन मागून घेतली, राऊटर उलटा केला आणि त्या भोकात ती दाबून धरली. दहा सेकंद असतील. सगळे लाइट एकदम गेले, मग एकेक करून आले. पॉन लुकलुकला, स्थिर झाला. इंटरनेटचा लाइट मात्र आलाच नाही. वायफायचं आम्ही ठेवलेलं नावही गेलं, त्या जागी कंपनीचं आकडेवालं नाव. आता व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा बंद.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण तुम्हाला हेच करायला सांगितलं गेलंय. आपल्याकडच्या बऱ्याच लोकल ऑपरेटरांचं नेट पीपीपीओईवर असतं. म्हणजे राऊटरच्या आत तुमच्या नावाचा एक युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो, शिवाय व्हीलॅनचा, म्हणजे ऑपरेटरच्या लाइनमधल्या कप्प्याचा, एक नंबर असतो. रिसेट केलं की हे सगळं पुसलं जातं. राऊटर दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. ते आकडे तुमच्याकडे लिहिलेले नसतील तर ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत तुमचं घर बंद. रिस्टार्ट म्हणजे बटण बंद करून परत चालू करणं, ते दहादा करा, काही बिघडत नाही. रिसेट ही वेगळी गोष्ट आहे. पुण्याच्या कंपनीत बसणाऱ्याला हा फरक कळू नये याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

ऑपरेटरचा मुलगा फोन उचलेना. पाऊस लागला होता, तो कुठेतरी खांबावर होता. घरात मोबाइलची रेंज दोन काड्यांवर, हॉटस्पॉटवर लॉगिनचं पान अर्धं येऊन थांबायचं. शेवटी मी लेकीला स्कूटीवर मागे बसवलं, वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि भर पावसात वर्गावर नेलं. तिथे दुसऱ्या कंपनीची लाइन आहे. पावणेपाचला फॉर्म कन्फर्म झाला. तिचे हात गारठले होते, माऊस धरताना थरथरत होते. ते मी विसरणार नाही.

संध्याकाळी सातला ऑपरेटरचा मुलगा आला. दारातच विचारलं, "रिसेट कोणी मारलं?" कोणी उत्तर दिलं नाही. रबर लावलेली जाडजूड डायरी काढली, १९२.१६८.१.१ हे राऊटरच्या सेटिंगचं पान उघडून युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन भरलं. इंटरनेटचा लाइट आला. लॅपटॉप उघडला, आणि पान तरीही उघडलं नाही! सकाळसारखाच पांढरा पडदा. कारण राऊटर जोडला गेला की डीएनएस आपोआप ऑपरेटरकडूनच घेतो, आणि तोच तर सकाळपासून झोपलेला होता. मुलगा स्वतःच म्हणाला, सकाळपासून अर्ध्या गावाच्या कंप्लेंट आहेत, वरून काम चालू आहे. मी लॅपटॉप पुढे ओढला, डीएनएसच्या दोन रकान्यांत ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकलं, सेव्ह केलं, आणि पान धाडकन उघडलं. दिवसभर लेक माझ्याबरोबर होती, ती साक्षीला आहे.

आणि दीर काय म्हणाले? "बघा, रिसेटमुळेच सुटलं."

आजही, घरात चार माणसं जमली की हेच सांगतात. म्हणून इथे सरळ लिहिते: रिसेटमुळे सुटलं नव्हतं. रिसेटनंतर, सगळं परत भरल्यावरही पान उघडत नव्हतं. डीएनएस बदलल्यावर उघडलं. जे डबा समोर ठेवून तपासतात त्यांचं ऐकावं, पगार किती आहे ते बघून ऐकू नये. हे अमळनेर आहे, विप्रो १९४५ साली याच गावात सुरू झाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. इथल्या माणसाला मशीनमधलं कळत नाही असं कोणी म्हणू नये.

आता तुमचं. लॅपटॉपवर विंडोज असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी (लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता) आपोआपच राहू द्या, फक्त डीएनएस मॅन्युअल करा आणि ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे दोन आकडे टाका. पहिला गूगलचा, २००९ पासून आहे. दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून. दोन्ही फुकट. मोबाइलवर मात्र जरा वेगळं आहे. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग आहे, तिथे नाव टाकावं लागतं, आणि कोणी जाहिराती बंद करायला म्हणून तिथे आधीच काही टाकून ठेवलं असेल तर तेच तुमचं दुखणं असू शकतं. ती सेटिंग ऑटोमॅटिकवर आणून बघा.

त्याआधी पिंग करा, मी केलं तसं. ८.८.८.८ कडूनच उत्तर येत नसेल तर डीएनएस बदलून काही होणार नाही. तेव्हा लॅपटॉपला मिळालेला पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःचा स्वतः लावून घेतलाय. राऊटर रिस्टार्ट करा. पत्ता बरोबर असून फक्त ऑपरेटरचंच पान उघडत असेल तर रिचार्ज संपलेला असतो, हे मी शिकलेल्या माणसांच्या घरीही पाहिलंय.

एक अगदीच वेगळं कारण आमच्या वर्गात दर उन्हाळी सुटीनंतर येतं. मदरबोर्डवरची तीन व्होल्टची गोल बॅटरी, सीआर२०३२, उतरलेली असते, कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतो. मग ब्राउझरला प्रत्येक वेबसाइटचं सर्टिफिकेट खोटं वाटतं आणि तो धोक्याची पाटी दाखवतो. तारीख बरोबर करा, बॅटरी बदला. तिला फार पैसे लागत नाहीत.

काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात असं असेल तर राऊटरमधला एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, बघा. पीपीपीओई स्वतःचे ८ बाइट घेतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ पाहिजे. तुमचं एकही पान उघडत नाही, तेव्हा हे तुमच्यासाठी नाही.

आपल्याकडे वीज गेली-आली की पण हे होतं. लाइट आली की वायफाय लगेच दिसतं, पण आतलं लॉगिन व्हायला चारपाच मिनिटं जातात. तेवढ्यात लोक पिन शोधायला लागतात. थांबा. आणि राऊटर पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका. आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला गेला की, तो तापून स्वतःच बंद-चालू होतो.

दोन गोष्टी राहिल्या. सार्वजनिक डीएनएस टाकल्यावर काही ऑपरेटरांचं रिचार्जचं पान किंवा त्यांच्या स्वतःच्या सिनेमांचं पान उघडत नाही. तेव्हा थोडा वेळ परत आपोआपवर करायचं. आणि रिसेट कधीच करू नये असंही नाही. कोणाचा वापरलेला राऊटर घेतला किंवा राऊटरचा ॲडमिन पासवर्ड विसरलात तर करावंच लागतं. फक्त आधी ऑपरेटरला फोन करून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन कागदावर उतरवून घ्या.

आमच्याकडे तो कागद राऊटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवलाय, माझ्या अक्षरात. भोकावर मी चिकटपट्टी लावलीय. मागच्या दिवाळीत दिरांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत. नेट बंद पडलं तेव्हा त्यांनी आधी हाक मारली, "वहिनी, जरा बघता का?" केबल सैल झाली होती.