आधी नोंद, मग पक्कड

प्रिय पोरा,

आर्वीच्या बसस्टँडवर तू म्हणालास, "काका, आयटीआय झालं, विजेच्या ठेकेदाराकडे दीड वर्ष झालं, हाताला काम येतं. आता ॲप्रेंटिसची नोंद कशाला?" गाडी सुटत होती, म्हणून गप्प राहिलो. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

हाताला काम येतं, ते मी पाहिलंय. पण तुझं नाव कुठे आहे? ठेकेदाराच्या डायरीत, हजेरीच्या रेघांत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात करार नोंदवलेल्या उमेदवाराला कामावर इजा झाली, तर भरपाई मालकावर आहे. नोंद नसली तर डीपीवर हात भाजून घे आणि मग त्याच्याकडे कामाला होतास हे सिद्ध करत फिर. म्हणून सांगतो, आधी नोंद, मग पक्कड.

माझ्याकडे एक पोरगा होता. चार हंगाम ओलिताच्या मोटरी जोडत माझ्यासोबत वावरा-वावरात फिरला. त्याची नोंद मी केली नाही. कागदांचा कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर विद्यावेतन ठरल्याप्रमाणे द्यावं लागलं असतं. तो वायरमन परवान्यासाठी गेला तेव्हा अनुभवाचा पुरावा मागितला. माझ्या तोंडी शब्दाला तिथे कोण विचारतो? तो हा धंदाच सोडून गेला. त्या काळी सगळीकडे असंच चालायचं. मी त्याला उपाशी ठेवलं नाही, त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडवाची सगळी लाईट फुकट केली. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! पण नोंद केली नाही ती नाहीच केली.

माझं स्वतःचं लायसनही एकदा संपलं. कापसाची वेचणी, गव्हाचं ओलित, कामाला उसंत नाही, आणि तारीख निघून गेली. नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर सही करता येईना. माझ्या हातच्या वायरिंगवर दुसऱ्या ठेकेदाराची सही घ्यावी लागली. तेव्हापासून पेटीच्या झाकणाला आतून रंगाने तारीख लिहून ठेवतो आणि तीन महिने आधीच कागद घेऊन निघतो. घरचे हसतात, हसू देत.

तुला हे फक्त कागद वाटतात. उद्या कोणी म्हणेल, रानडुकरं पऱ्हाटी उद्ध्वस्त करताहेत, कुंपणात लाईनचा करंट सोडून दे. आपल्याकडे अशा तारेला लागून माणसं मेली आहेत. झटका मशीन वेगळं, ते क्षणाक्षणाला ठोका देतं. हा सरळ 230 व्होल्ट. परवाना असलेला माणूस म्हणू शकतो, "भाऊ, माझं लायसन जाईल." बिनकागदाच्या हेल्परला नाही म्हणायला काय आधार आहे? 1956 च्या वीज नियमांतही 45 व्या नियमात परवानाधारक ठेकेदार, पर्यवेक्षकाची देखरेख आणि परवानाधारक कामगार हेच सांगितलं होतं. ते उगाच नाही.

गेलेलं दीड वर्ष आता नोंदवता येणार नाही. त्याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आहे.

सोमवारी पहिल्या गाडीने ये. मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक आण. जिल्ह्याच्या बीटीआरआयमध्ये, म्हणजे ॲप्रेंटिसचं काम पाहणाऱ्या सरकारी केंद्रात, मी सोबत येतो. ठेकेदाराशी रविवारीच बोलून ठेवतो, त्याला माझ्यासमोर नाही म्हणणं जड जाईल.

तुझा काका