‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’: बेसचा धागा धरून ऐकण्याचा अल्बम

तुम्ही लिहिले आहे की ‘ड्रीम थिएटर’ हा प्रोग्रेसिव्ह मेटल (गुंतागुंतीच्या तालांचे हेवी मेटल) वाजवणारा बँड आवडतो म्हणून एका मित्राने ‘वॉचटॉवर’ या बँडचा ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ हा १९८९ सालचा अल्बम सुचवला, तुम्ही तो तीनदा लावला आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर बंद केला. गाणी हाती लागत नाहीत आणि गायकाचा आवाज सोसवत नाही, या तुमच्या दोन तक्रारी आहेत. त्यांवरून तुम्ही विचारले आहे की या अल्बमचे कौतुक केवळ तो फारसा कोणाला ठाऊक नाही म्हणून होते का. तसे होत नाही, असे माझे मत आहे. मात्र तक्रारी खऱ्या आहेत आणि मी स्वतः त्या बरीच वर्षे केल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. हा बँड टेक्सासमधील ऑस्टिनचा, १९८२ साली सुरू झालेला. १९८५ साली त्यांनी पहिला अल्बम स्वतःच काढला. त्यानंतर गिटारवादक बिली व्हाइट यांच्या जागी रॉन जार्झोम्बेक आले आणि गायक जेसन मॅकमास्टर ‘डेंजरस टॉइज’ या सरळ हार्ड रॉक वाजवणाऱ्या बँडकडे गेल्यावर न्यू जर्सीच्या ‘हेडीज’मधून अ‍ॅलन टेकिओ यांना बोलावण्यात आले. बेसवर (खालच्या स्वरांच्या गिटारवर) डग कायझर आणि ड्रमवर रिक कोलालुका हे दोघे मात्र सुरुवातीपासून कायम होते. अल्बम समजून घ्यायचा तर याच दोघांकडे लक्ष द्यावे लागते, हे मला एका योगायोगाने कळले.

माझ्याकडे या अल्बमची कोणीतरी भरून दिलेली कॅसेट होती. पुढे माझ्या डेकचे ट्विटर (उंच स्वर वाजवणारे छोटे स्पीकर) निकामी झाले आणि दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत काही महिने मला सगळे संगीत कांबळ्याखालून आल्यासारखे, फक्त खालच्या पट्टीचे ऐकावे लागले. इतर कॅसेट त्या अवस्थेत ऐकवत नसत. ही एकच कॅसेट उलट अधिक स्पष्ट झाली, कारण किंचाळी आणि गिटारची धार मागे सरली आणि कायझर यांचा बेस उघडा पडला. मेटलमध्ये बेस बहुतेक वेळा गिटारच्या सावलीतून चालतो. तीच रिफ (पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट) एक सप्तक खाली वाजवतो आणि आवाजाला जाडी देतो. इथे बेस स्वतंत्रपणे बोलतो. तो गिटारला उत्तरे देतो, तिच्या आधी वळण घेतो आणि सोलो चालू असताना खाली दुसरीच चाल रचतो. ट्विटर दुरुस्त झाल्यावरही माझा कान बेसवरून हटला नाही, आणि मग गिटार त्याच्याभोवती आपोआप जागच्या जागी बसली.

आता गाणी हाती का लागत नाहीत ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांना मात्रा मोजायची सवय शास्त्रीय संगीतामुळे असते. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा अंगवळणी पडलेल्या असतात आणि म्हणून विषम मापाची भीती वाटू नये असे वाटते. पण तालात आवर्तन एकदा ठरले की ते टिकते, गायक कितीही दूर गेला तरी सम ठरलेल्या जागीच येते. ‘वॉचटॉवर’ तेच हिरावून घेतात. एखादी रिफ दोन-तीनदा वाजते, तिच्यावर पाऊल ठेवावे तोच तिची एखादी मात्रा छाटली जाते किंवा पुढची रिफ निराळ्याच मापात सुरू होते. ‘ड्रीम थिएटर’ अशा वळणांनंतर तुम्हाला मोठ्या, गुणगुणता येणाऱ्या धृपदाशी आणून सोडते. इथे तशी विश्रांती फार थोडी आहे. म्हणून मोजत बसू नका. मी अनेक वर्षे बोटांवर मोजत राहिलो आणि त्यात संगीत ऐकायचे राहून गेले. कोलालुका यांची झांज आणि बेस एवढेच धरून ठेवावे. वळणे चार-पाच वेळा ऐकल्यावर तोंडपाठ होतात, जशी ओळखीची गल्ली पावले न मोजता पाठ होते.

आवाजाबद्दल तुमचे म्हणणे नाकारण्यात अर्थ नाही. टेकिओ जवळजवळ सतत वरच्या पट्टीत, ताणलेल्या गळ्याने गातात. पण ते काय गात आहेत तेही पाहावे. ‘मेडे इन किएव्ह’ हे गाणे चेर्नोबिलच्या दुर्घटनेवर आहे. अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला आणि जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या किएव्ह शहरात १ मेची मिरवणूक ठरल्याप्रमाणे काढण्यात आली. ‘मेडे’ हा संकटात सापडलेल्या विमानाचा आणि जहाजाचा पुकाराही आहे, त्यामुळे त्या एका शब्दात उत्सव आणि आक्रोश दोन्ही येतात. अशा मजकुराला गोलाईदार, सुखद आवाज लावला असता तर मला तो खोटा वाटला असता. शिवाय हा अल्बम पश्चिम बर्लिनच्या ‘नॉइझ’ या कंपनीने काढला आणि तो बर्लिनमध्येच ध्वनिमुद्रित झाला. भिंत पडली तेही साल हेच. शीतयुद्धाच्या अखेरच्या काळातली ही अस्वस्थता तालाच्या मोडतोडीतही ऐकू येते, असे मला वाटते. हे माझे वाचन आहे, बँडचा दावा नव्हे.

दोषही आहेत. घनता जवळजवळ सर्वत्र सारखीच असल्यामुळे सलग ऐकताना मधल्या भागात कान थकतो, आणि गिटारचा स्वर इतका कोरडा आहे की ज्यांना मेटलमध्ये भरदार वजन हवे असते त्यांची निराशा होते. जार्झोम्बेक यांचे सोलो मला थक्क करतात, पण ते मनात रेंगाळतातच असे नाही.

अल्बम मागे पडला त्याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. प्रोग्रेसिव्ह मेटलला मोठा श्रोतावर्ग १९९२ साली ‘ड्रीम थिएटर’च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या अल्बममुळे मिळाला, आणि तोपर्यंत हा बँड जवळपास थांबला होता. पुढच्या अल्बमची जुळवाजुळव सुरू होती, परंतु जार्झोम्बेक यांच्या हाताच्या दुखण्यामुळे आणि शस्त्रक्रियांमुळे काम रखडले. त्या साहित्यातली पाच गाणी एकत्र प्रकाशित झाली ती थेट २०१६ साली. एवढ्या अवधीत नव्या श्रोत्यापर्यंत बँडचे नाव पोहोचवणारे नवे काही उरलेच नव्हते.

चौथ्यांदा लावाल तेव्हा सुरुवातीपासून लावू नका. आधी ‘लाइफ सायकल्स’ ऐका, कारण त्यात श्वास घ्यायला जागा आहे. मग ‘मेडे इन किएव्ह’ दोनदा ऐका, दुसऱ्या वेळी ट्रेबल (उंच स्वर) पूर्ण कमी करून. ‘द फॉल ऑफ रीझन’ आठेक मिनिटांचे आहे, ते शेवटी ठेवा. एवढे करूनही आवाज खुपलाच, तर मॅकमास्टर यांनी गायलेला बँडचा पहिला अल्बम हा उपाय म्हणून शोधू नका. तेही वरच्याच पट्टीत गातात.