कॅरेटमीटरचा आकडा नेमका कशाचा असतो?

आजीच्या पाटल्या एका सराफाच्या कॅरेटमीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, ९१.४ टक्के दाखवतात, दुसऱ्याच्या ८८.७, बोरमाळ मात्र ९२. मग विश्वास कुणावर ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं की दोघेही खरं सांगत असू शकतात. धातूंच्या तपासणीसाठी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखायची पद्धत, वापरण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चाळीस ग्रॅमच्या जोडीत हा फरक एक ग्रॅम सोन्याहून जास्त होतो, तो सोडून द्यायचं काही कारण नाही.

कॅरेटमीटर म्हणजे एक्सआरएफचंच यंत्र. आतल्या नळीतले क्ष-किरण दागिन्यावर पडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरच्या कक्षेतला त्याची जागा घेतो आणि ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर पडतो. तांब्याचा ८.०५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा, सोन्याचा ९.७१ चा, चांदीचा २२.१६ चा. कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले ते मोजून यंत्र टक्केवारी काढतं.

पण सोनं स्वतःच क्ष-किरण प्रचंड शोषतं. त्यामुळे साधारण दहा मायक्रॉनच्या खालून निघालेला सोन्याचा किरण पृष्ठभागापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज घ्या. पडद्यावरचा आकडा पाटलीचा नसतो, पाटलीच्या त्या एका ठिपक्यावरच्या वरच्या थराचा असतो.

आता तुमच्या पाटल्या. झाळ, म्हणजे सांधे जोडायला वितळवलेला धातू, जिथे आहे तिथे शुद्धता कमी येणारच, कारण झाळ आधी वितळावी म्हणून तिच्यात तांबं-चांदी जास्त घालतात. पुढे कॅडमियमची झाळ आली, तेच ‘केडीएम’. त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना फार घातक. पडद्यावर कॅडमियम दिसत असेल तर ठिपका सांध्यावर पडलाय असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. ८८.७ वाल्याने नेमका कुठे ठिपका धरला होता, हे आधी विचारा.

उलटंही होतं. दागिना तापवला की वरचं तांबं काळं पडतं आणि सोनार ते तेजाबात उजळून काढतो. असं वारंवार झालं की कातडीतलं तांबं निघून जातं, सोनं उरतं आणि यंत्र आतल्यापेक्षा चढा आकडा देतं. कोलंबियातले जुने कारागीर युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तांबं-सोन्याच्या मिश्रणावर हे मुद्दाम करत. प्रयोगशाळेत हे पकडायची एक सुंदर युक्ती आहे. चांदीचा २.९८ चा किरण मायक्रॉनभर खोलीवरूनही येत नाही, २२.१६ चा बराच आतून येतो. दोन्हींवरून काढलेली चांदी जुळली नाही तर कातडी आणि गाभा वेगळे आहेत हे कळतं.

इथे यंत्रायंत्रांतही फरक पडतो. सोन्यात कधी कधी भेसळ म्हणून इरिडियम हा धातू मिसळतात. त्याच्या किरणाची रेषा ९.१८ वर आहे, सोन्याच्या अगदी शेजारी. स्वस्त यंत्रात किरण मोजणाऱ्या प्रपोर्शनल काउंटरला त्या दोन वेगळ्या दिसत नाहीत, तो इरिडियमही सोन्यात धरतो; त्याहून बारीक फरक ओळखणाऱ्या सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरला त्या स्वच्छ वेगळ्या दिसतात. आणि इरिडियमच्या बाबतीत भट्टीची कसोटीही फसते. तिथे नमुना शिसं आणि चांदीबरोबर तापवून तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू काढतात, चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि उरलेलं सोनं तोलतात. इरिडियम त्या ॲसिडला दाद देत नाही, सोन्याबरोबर तोललं जातं. एरवी मात्र शेवटचा शब्द भट्टीचाच.

म्हणून सराफाकडे गेलात की आधी हॉलमार्क असलेली एखादी ९१६ ची वस्तू त्याच यंत्रावर ठेवायला सांगा. ९१.६ च्या जवळ आकडा आला नाही तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. मग पाटली पुसून, सांधे टाळून, सपाट भागावर चार-पाच ठिकाणी रीडिंग घ्यायला लावा, प्रत्येक वेळी निदान अर्धा मिनिट. विकायच्याच असतील तर डोळ्यांसमोर आटवून, लगडीच्या दोन्ही बाजू मोजून मगच भाव ठरवा. ठेवायच्या असतील तर आटवू नका. हॉलमार्किंग केंद्रात थोडं शुल्क भरून तपासून घ्या, लेखी अहवाल मिळतो.

बोरमाळेच्या ९२ वर मात्र हिशोब करू नका. मण्यांत लाख असते. लाखेतले कार्बन, ऑक्सिजन या यंत्राला दिसतच नाहीत आणि दिसलेल्या धातूंची बेरीज ते शंभर करून टाकतं. ९२ आहे ते पत्र्याचं, वजन मात्र लाखेसकट. लाखेची वजावट किती धरणार, हे वजन करण्याआधी सराफाकडून कागदावर लिहून घ्या.