डब्यापुढे घोडाच लावा

मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी इंग्लंडमधल्या स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेची प्रतिकृती करताय, आणि १८२५ च्या प्रवासी डब्यापुढे इंजिन लावायचं की घोडा यावरून बाईंशी वाद चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसू आलं, कारण हेच मी भोगलंय. घोडाच लावा.

२७ सप्टेंबर १८२५ ला 'लोकोमोशन' या वाफेच्या इंजिनाने ओढली ती उद्घाटनाची गाडी. ऑक्टोबरात प्रवाशांची नेहमीची ने-आण सुरू झाली तेव्हा 'एक्सपेरिमेंट' या डब्याला घोडा जुंपला होता, आणि तो प्रकार थेट १८३३ पर्यंत चालला. इंजिनं होती, पण ती कोळशाच्या वाघिणींना. त्यांच्यावर भरवसा नव्हताच फारसा. १८२८ मध्ये 'लोकोमोशन'चाच बॉयलर फुटला आणि चालक गेला.

एका संस्थेत यावर माझं व्याख्यान ठरलं होतं. त्यांच्या कार्यालयाने पोस्टरवर छापलं, "१८२५ : घोडे निवृत्त!" मी तारखांसकट लेखी कळवलं. उत्तर काय, तर मजकूर मंजूर झालाय, आता बदल नाही. मंजूर कोणी केला हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग समोरचे लोक पोस्टरकडे बोट दाखवून प्रश्न विचारत राहिले आणि निम्मा वेळ त्यातच गेला. रेनहिलला १८२९ मध्ये झालेल्या इंजिनांच्या चाचण्यांवर बोलायचं राहून गेलं. तिथे 'रॉकेट' या इंजिनाशी स्पर्धा करायला 'सायक्लोपेड' नावाचं एक यंत्र होतं, त्यात घोडा आतल्या पट्ट्यावर चालायचा आणि चाकं फिरायची! असो.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, हौशी वाचक आहे. पण माझं ठाम मत आहे की घोडा हटला तो निव्वळ वेगामुळे नाही. मार्ग एकेरी. टोल भरून कोणीही आपला घोडा आणायचा. समोरासमोर आले की साइडिंगपर्यंत, म्हणजे बाजूला थांबायच्या रुळापर्यंत, मागे कोणी जायचं यावरून भांडणं. १८३३ मध्ये कंपनीने खासगी घोडेवाल्यांचे हक्क विकत घेतले आणि प्रवासी गाड्यांना इंजिन लावलं, तेव्हा कुठे हा गोंधळ निस्तरला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेवाल्यांनी १८३० मध्ये पहिल्यापासून गाड्या स्वतःच्या हातात ठेवल्या, ते शहाणपणाचं होतं.

जाता जाता : कोळशाच्या वाघिणी ओढणाऱ्या घोड्यांसाठी 'डँडी कार्ट' असायची. उतारावर वाघिणी आपोआप घरंगळायच्या आणि घोडा मागच्या गाडीत उभा राहून वैरण खायचा. मुलांना ती हमखास आवडेल. मात्र ती १८२८ ची, त्यामुळे पाटीवर १८२५ लिहिणार असाल तर जोडू नका.