प्रमोशन मागायचं की कंपनी बदलायची?

एप्रिल ते जून या काळात अप्रेझलची पत्रं हातात पडतात आणि माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयटीतल्या तरुणांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो : "काम मी करतो, प्रमोशन दुसऱ्याला मिळतं. कंपनी बदलू का?" नाशिकमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२० नंतर इथले कितीतरी जण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम इंदिरानगरच्या, गंगापूर रोडच्या घरातून करतात. आई-वडील इथे, फ्लॅटचे हप्ते इथे, बायकोची नोकरी अंबडच्या एमआयडीसीत. कंपनी सोडायची म्हटली की गावही सोडावं लागेल का, ही धास्ती मागोमाग येते.

अशा अनेकांच्या गोष्टी एकत्र करून एकाची सांगते. तो ३३ वर्षांचा, पुण्याच्या कंपनीत साडेचार वर्षं सीनिअर इंजिनीअर. बरोबरीचे दोघं लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, झाले होते. रात्री उशिरापर्यंत नोकऱ्यांच्या जाहिराती बघायच्या, अर्ज एकही करायचा नाही, सकाळी चिडून लॅपटॉप उघडायचा, असं चाललं होतं.

"मॅनेजरला कधी विचारलंत?"

"विचारायचं काय मॅडम? त्यांना दिसत नाही का? मागून घेतलेल्या प्रमोशनला काय अर्थ आहे?"

त्याचे वडील सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. "बाबांनी साहेबापुढे कधी हात पसरला नाही," हे तो अभिमानाने सांगायचा. तिथे युनियनचा करार झाला की सगळ्यांचाच पगार वाढायचा.

माणसाला घटनेपेक्षा तिला त्याने घातलेल्या अटी जास्त छळतात, असं मी मानते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे आणि प्रमोशनच्या प्रश्नात ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं. याची अट होती : मी न सांगता त्यांना कळलं पाहिजे, आणि कळलं नाही तर माझी किंमत शून्य. ही अट तशीच ठेवून त्याने कंपनी बदलली असती, तर दोन वर्षांनी नव्या कंपनीतून हीच तक्रार घेऊन आला असता.

मी त्याला वाद घालून पटवलं नाही. विचारलं, "तुमच्याकडे ज्युनिअर आहेत ना? त्यातल्या एकीने गेल्या सहा महिन्यांत केलेली तीन कामं सांगा."

एक काम पटकन आठवलं. दुसऱ्याला अडखळला. तिसरं आलंच नाही.

"तिला तुम्ही मुद्दाम डावललंत?"

"छे हो, चांगली आहे ती! पण ती कधी काही सांगतच नाही."

हे बोलून तो थांबला. बराच वेळ काहीच बोलला नाही. मीही मध्ये पडले नाही. मग म्हणाला, "बाबांनी मागितलं नाही, पण त्यांच्या वतीने मागणारी युनियन होती. माझ्या वतीने कोण आहे?"

हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्यालाच सापडलं, आणि म्हणूनच ते टिकलं. मागणं कारखान्यातही होतंच, फक्त ते वडिलांना एकट्याने करावं लागत नव्हतं. हे दिसल्यावर मागणं म्हणजे लाचारी, ही गाठ सुटायला लागली. अशी जागा येईपर्यंत धीर धरणं, हा माझ्या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

पुढचं काम मग सरळ होतं. आयटीत त्याच्या वतीने बोलणारा एकच माणूस, त्याचा मॅनेजर. बहुतेक मोठ्या कंपन्यांत सगळे मॅनेजर एकत्र बसून प्रमोशनसाठी नावं क्रमाने लावतात. जागा मोजक्या, प्रत्येक नावाला वेळ थोडा. तिथे "मुलगा मेहनती आहे" या वाक्याला वजन नसतं. वर्ष मार्चला संपत असेल, तर अप्रेझलचा फॉर्म भरायच्या आधीच नावांची चर्चा झालेली असते. म्हणून बोलणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हायला हवं, मार्चमध्ये उशीर झालेला असतो.

त्याने दर शुक्रवारी पंधरा मिनिटं एक नोंद लिहायला घेतली : काय केलं, कुणाचा काय फायदा झाला, पुरावा कुठे आहे. आधी तो "क्वेरी सुधारली" एवढंच लिहायचा. नंतर लिहू लागला, "महिनाअखेरचा रिपोर्ट चाळीस मिनिटांऐवजी सहा मिनिटांत येतो, ऑपरेशन्सच्या टीमला रात्री थांबावं लागत नाही." मॅनेजर बैठकीत जसंच्या तसं उचलून बोलू शकेल, असं हे वाक्य आहे. (ही नोंद कंपनीच्याच लॅपटॉपवर ठेवावी. कोड किंवा क्लायंटची माहिती स्वतःच्या ईमेलवर पाठवली तर नोकरीच जाऊ शकते.)

मॅनेजरशी बोलताना तक्रार आणि तुलना दोन्ही टाळायच्या. प्रश्न दोनच : "लीडच्या कामातलं कोणतं काम मी अजून करत नाही?" आणि "यंदा तुम्ही माझं नाव मांडाल का?" बोलणं झालं की त्याच दिवशी, काय ठरलं याचा चार ओळींचा ईमेल. दोनदा विचारूनही "बघू, चालू ठेव" एवढंच ऐकू आलं, तर ते उत्तरच समजावं आणि बाहेर बघायला लागावं.

त्याला स्पष्ट उत्तर मिळालं : टीममध्ये यंदा लीडची जागाच नाही. तो निराश झाला, पण खचला नाही. स्वतःच्या किमतीचा प्रश्न त्यात उरला नव्हता. कंपनी बदलायचं त्याने तेव्हा शांतपणे ठरवलं, आणि इथे माझा आग्रह हिशेबावर होता.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांना, साधारणपणे पाच वर्षं पूर्ण लागतात. ढोबळ हिशेब असा : शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराचे १५ भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. नोटीस पिरियडमध्ये केलेली नोकरीही धरली जाते, म्हणून ९० दिवसांची नोटीस असेल तर राजीनाम्याची तारीख मागे मोजून ठरवायची. काही आठवड्यांच्या घाईत ही रक्कम घालवणारे लोक मी पाहते. नव्या कंपनीचं लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, हे तर आलंच.

ऑफरमधला सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण वार्षिक खर्चाचा, आकडा पूर्ण खात्यात येत नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे साधारणपणे मूळ पगाराच्या १२ टक्के, आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के बहुधा त्यातच धरलेले असतात, शिवाय व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग. फिक्स पगाराची फिक्सशीच तुलना करायची. जॉइनिंग बोनस असेल तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत द्यावा लागतो का, तेही वाचायचं. राजीनाम्यानंतर जुनी कंपनी पगार वाढवून थांबायला सांगते, तेव्हा पदाचं लेखी मिळत नसेल तर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे.

नाशिककरांनी आणखी एक ओळ बोट ठेवून वाचावी : कामाचं ठिकाण. "पुणे, सध्या घरून" असं लिहिलं असेल तर कंपनी कधीही बोलावू शकते. त्याच्या पहिल्या ऑफरमध्ये तेच होतं. त्याने एचआरला विचारलं, महिन्यातून चार दिवस पुण्यात आणि एरवी नाशिक, असं ऑफर लेटरमध्येच लिहून घेतलं, मग सही केली.