पाणी खराब झालं की माशांना परजीवी जास्त होतात का?

हो पण आणि नाही पण, कुठला परजीवी आहे त्यावर आहे सगळं. जे थेट एका माशावरून दुसऱ्यावर जातात ते घाण पाण्यात फोफावतात. ट्रायकोडायना हा एकपेशीय परजीवी घ्या, माशाच्या अंगावरचा चिकट थर जरा खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवला की दातेरी चक्रासारखा गरगर फिरताना दिसतो. पाण्यात उरलेलं खाद्य, विष्ठा कुजायला लागली की बॅक्टेरिया वाढतात आणि त्याचं खाणं तेच, म्हणून त्याची संख्या भराभर वाढते. वर अमोनियाने कल्ले सुजलेले, ऑक्सिजन कमी, मग बिचारा मासा प्रतिकार करणार कशाने?

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इक, त्यात तापमान पण बघावं लागतं. २५ अंशाच्या आसपास त्या परजीवीचं जीवनचक्र साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात, आणि पाणी स्वच्छ असलं तरी नवीन माशाबरोबर तो येऊ शकतो, त्यामुळे नवीन मासा आधी वेगळा ठेवाच प्लीज.

आता उलटी बाजू, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काही चपट्या कृमींना आधी गोगलगाय लागते, मग मासा, मग मासे खाणारा पक्षी. प्रदूषणाने गोगलगायी मेल्या की साखळीच तुटते. म्हणजे नदीतल्या माशात असे कृमी अजिबात सापडले नाहीत तर लगेच खूश होऊ नका, तिथल्या गोगलगायी आहेत का ते आधी बघा.