फुटपाथ कुठे गेला?

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. कम्प्युटर सायन्सच्या जोडीला 'अमेरिकन स्टडीज'चं मायनर (म्हणजे दुय्यम विषय) घ्यावं का, यावर आईचं मत, ठाण्याच्या काकांचं मत, रूममेटचं मत आणि त्या सगळ्यांना तू मनातल्या मनात दिलेली उत्तरं, असा चांगला चार पानी ऐवज झालाय. मला त्यातला ता.क. आवडला. दुकान खिडकीतून दिसतं, अर्धा मैलसुद्धा नाही, पण चालत जायला फुटपाथच नाही. दुधाचा गॅलन हातात धरून गवतातून, गाड्यांच्या कडेकडेने यावं लागतं. "मावशी, एवढ्या श्रीमंत देशात हे असं का?"

तो ता.क. हेच तुझं मायनर. वरची चार पानं नसती तरी चाललं असतं.

काकांना वाटतंय की हा विषय म्हणजे अमेरिकेचं जनरल नॉलेज: राष्ट्राध्यक्षांची नावं, स्वातंत्र्ययुद्ध, थोडं जॅझ, थोडं बेसबॉल. त्यांचं सगळंच काही चुकत नाही. १९३०च्या दशकात हार्वर्डसारख्या ठिकाणी इतिहासवाले आणि साहित्यवाले एकत्र येऊन हा विषय मांडू लागले, तेव्हा 'अमेरिकन मन' नावाची एक अखंड वस्तू आपल्याला सापडेल अशी त्यांनाही आशा होती. १९५१ मध्ये त्यांची संघटनाही निघाली. मग साठ-सत्तरच्या दशकांत कृष्णवर्णीय विद्यार्थी, स्त्रिया, मूळनिवासी, आशियाई विचारू लागले, कुणाचं मन? तिथे ती मूर्ती तडकली आणि विषय वाचण्याजोगा झाला, असं माझं मत. (जुन्या मंडळींची भाषा मात्र अजूनही हेवा वाटावा अशी आहे, हेही कबूल करते.)

मायनर म्हणजे साधारण पाच-सहा कोर्स. एक ओळख करून देणारा, बाकीचे इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र, कला अशा निरनिराळ्या विभागांतून वेचायचे. इथेच बहुतेक मुलं फसतात. लग्नाच्या बुफेत जिलबीशेजारी पास्ता वाढून घ्यावा तशी ताटली भरतात. एका सेमिस्टरला हॉलिवूड, पुढच्या सेमिस्टरला यादवी युद्ध, मग खाद्यसंस्कृती. प्रत्येकात ए मिळतो आणि ताटातलं काहीच एकमेकाला लागत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. 'कुठला कोर्स सोपा' विचारणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली, पण एक प्रश्न घेऊन सहा विभागांची दारं ठोठावणारी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

तुझ्याकडे प्रश्न आहे, तर तोच घेऊन दोन-तीन दारं तरी ठोठावून दाखवते.

पहिलं दार कायद्याचं. दुकान इथे आणि घरं तिथे, मध्ये मोकळी जागा आणि रुंद रस्ता, हे आपोआप होत नाही. आपल्याकडे खाली किराणा आणि वर बिऱ्हाड असतं. इथे बहुतेक गावांत ते बेकायदा आहे, किंवा फार काळ होतं. कुठे काय बांधायचं हे ठरवणाऱ्या या नियमांना झोनिंग म्हणतात. ओहायोत क्लीव्हलंडजवळ युक्लिड नावाचं गाव आहे. त्या गावाने १९२२ मध्ये नियम केला की घरं, इमारती, कारखाने यांचे पट्टे वेगवेगळे राहतील. तिथे अडुसष्ट एकर जमीन बाळगून बसलेल्या कंपनीने खटला भरला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९२६ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकलं. त्या निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क 'बांडगूळ' म्हटलंय. स्वतंत्र बंगल्यांनी जमवलेली मोकळी हवा आणि उजेड ती फुकट शोषते, असा त्याचा आशय. तू राहतेस त्या इमारतीबद्दलच चाललंय हे.

ते लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं नाव जॉर्ज सदरलंड. हे नाव लक्षात ठेव आणि दुसऱ्या दाराशी चल.

तीनच वर्षं आधी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, याच सदरलंडनी भगतसिंग थिंद यांचा निकाल लिहिला होता. थिंद अमृतसरकडचे, १९१३ मध्ये इथे आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या गणवेशात होते. नागरिकत्वाचा कायदा तेव्हा सांगत होता की अर्जदार 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा हवा. थिंद यांचं म्हणणं, त्या काळचं मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन, म्हणजे युरोपियनांच्याच वंशाचं, मानतं, म्हणून मी गोरा. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी ओझावा नावाच्या जपानी अर्जदाराला याच कोर्टाने 'गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तू कॉकेशियन नाहीस' म्हणून परत पाठवलं होतं. ते निकालपत्रही सदरलंड यांचंच. आता थिंद यांना उत्तर मिळालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. आधी नागरिकत्व मिळालेल्या डझनावारी हिंदुस्थान्यांचं नागरिकत्व काढून घ्यायला सरकार मग कोर्टात गेलं. आणि हा निकाल देणारे सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर आलेले स्थलांतरित.

आता पाहा, युक्लिडचा खटला जमिनीच्या कायद्याच्या वर्गात शिकवतात आणि थिंदचा स्थलांतराच्या इतिहासात. दोन इमारती, दोन प्राध्यापक, दोन जाडजूड पाठ्यपुस्तकं. देशात कोण राहू शकतो आणि गल्लीत कोण राहू शकतो, हे दोन प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते, हे दोन्हीपैकी एकाच वर्गात बसणाऱ्याला कळायचं नाही. तुझ्या मायनरचं काम हे दोन कागद एका टेबलावर आणणं.

आणून झाल्यावर मात्र घाई करू नकोस. एक नाव दोन ठिकाणी दिसलं म्हणून लगेच कटाची गोष्ट रचायची नसते. सदरलंडनी झोनिंग हिंदुस्थान्यांना बाहेर ठेवायला उचलून धरलं, असं कुठल्याही कागदात नाही. हे कागद शेजारी ठेवल्यावर नवा प्रश्न विचारता येतो, इतकंच. पण तेवढं पुष्कळ आहे.

थिंद यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद मुळातून वाच. वाचताना पोटात गोळा येईल. उच्चवर्णीय हिंदू हा तिथल्या आदिवासींकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, असं त्यात म्हटलंय. म्हणजे जातीची शुद्धता हीच गोरेपणाची साक्ष! आता त्याआधी पन्नास वर्षं मागे पुण्यात जा. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. त्यांनी शूद्रातिशूद्रांची बाजू गुलामांच्या शेजारी ठेवली होती, थिंदच्या वकिलांनी नेमकी उलटी मांडणी केली. आणि थिंद आले त्याच १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी वाचलेला निबंध जातीवरच होता. तुझ्या वर्गात हे सगळे धागे ठाऊक असणारी बहुधा तू एकटीच असशील. त्याचा तोरा मिरवू नकोस, पण गप्पही बसू नकोस.

(फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबद्दल आणखी एक. ती छापली तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांना हक्क देण्याचं काम जेमतेम चालू होतं. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्राचं उरलंसुरलं लष्कर तिथून हललं आणि ते काम बुडालं. कुणी यावर टर्म पेपर केला तर मला वाचायला आवडेल.)

तिसरं दार पैशाचं. १९३४ मध्ये सरकारने घरकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली आणि कुठे हमी द्यायची हे ठरवताना वस्तीतल्या माणसांचा रंग पाहिला. त्या दशकातले सरकारी नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत, रिचमंड विद्यापीठाने ठेवलेत. हिरवा म्हणजे कर्जाला सर्वांत सुरक्षित भाग, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे सर्वांत धोक्याचा. आपल्या जवळच्या न्यूअर्कच्या भागाचा नकाशा उघड आणि लाल पट्ट्यांचे फॉर्म वाच. कृष्णवर्णीय किती, परदेशी जन्मलेले किती, कुणाची 'घुसखोरी' होतेय का, असे रकानेच छापलेले आहेत.

मग १९४७. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत लेव्हिट कंपनीने घरांचा कारखाना काढला. कारखान्यात गाडी सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकणार. एक टोळी फक्त फरश्या, दुसरी फक्त रंग. सतरा हजारांवर घरं उठली. लढाईवरून परतलेल्या सैनिकांना भाड्याने दिलेल्या घरांच्या करारात एक कलम होतं की इथे कॉकेशियन वंशाबाहेरच्या कुणालाही राहू देता येणार नाही, घरकामाची नोकरमाणसं तेवढी चालतील. शब्द पाहिलास ना? कॉकेशियन. थिंद यांनी तिथे घर मागितलं असतं तर? शास्त्राप्रमाणे चाललं असतं, सदरलंडप्रमाणे नाही. एका करारातला एक शब्द सोडवायला तुला कायदा, मानववंशशास्त्र, लष्कराचा इतिहास आणि बटाट्याचं अर्थकारण लागलं. 'आंतरविद्याशाखीय' या सरकारी छापाच्या शब्दाचा अर्थ मला तरी याहून वेगळा माहीत नाही.

आपल्या न्यू जर्सीतही लेव्हिट कंपनीने एक वसाहत काढली, विलिंगबरोला. तिथे कृष्णवर्णीयांना घर नाकारलं तेव्हा मामला इथल्या कोर्टात गेला आणि १९६० मध्ये कंपनी हरली. हर्बर्ट गॅन्स नावाचे समाजशास्त्रज्ञ तिथे स्वतःच घर घेऊन दोन वर्षं राहिले, शेजाऱ्यांच्या बैठकांना गेले, आणि उपनगरातली माणसं एकाच साच्यातली असतात हा विद्वानांचा समज चुकीचा आहे असं लिहून मोकळे झाले. त्यांच्यासारखं आधी राहून बघ आणि मग मत दे, विशेषतः 'इथे फॅमिली व्हॅल्यूज नाहीत' असं आपल्या पॉटलकला कुणी म्हणेल तेव्हा.

हायवेचं तू स्वतः शोध. १९५६चा कायदा, एक्केचाळीस हजार मैलांचे हायवे, नव्वद टक्के पैसा केंद्राचा. आणि माउंट लॉरेल गावाच्या खटल्याचा १९७५चा निकाल चुकवू नकोस. गरिबांना परवडणारी घरं झोनिंगच्या आडून अडवता येणार नाहीत, असं न्यू जर्सीच्या कोर्टाने म्हटलं, आणि अजून भांडण मिटलेलं नाही.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. तू एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ नोकरी करायची परवानगी, मेजरच्या (मुख्य) विषयात मिळते, मायनरवर नाही, म्हणून आईची काळजी अगदीच अनाठायी नाही. कम्प्युटरचा एकही कोर्स यापायी मागे पडू देऊ नकोस. कुठले क्रेडिट दोन्हीकडे धरतात ते सल्लागाराकडून लेखी घे. लवकरात लवकर एक कोर्स १८७७पर्यंतच्या इतिहासाचा घे, कंटाळवाणा वाटला तरी. तो नसेल तर पुढचं सगळं हवेत राहतं. तोही १७७६पासून सुरू करणारा नको. ही जमीन लेनापे या मूळनिवासी लोकांची होती. तू रोज ओलांडतेस त्या रॅरिटन नदीचं नाव त्यांच्याच भाषेतून आलंय. आणि ज्या कोर्सात पंचवीस पानी पेपर लिहावा लागतो त्याला घाबरून पळू नकोस, मायनरचा खरा अभ्यास त्याच पेपरात होतो.

माझा पहिला पेपर कसा पडला ते सांगते. चाळिशीत, नोकरी सांभाळून मी हा अभ्यास केला. उपनगरांवरच लिहिलं होतं. 'अमेरिकन माणूस व्यक्तिवादी असतो म्हणून त्याला स्वतंत्र घर आणि अंगण हवं असतं,' अशी बावीस पानं, उदाहरणांसकट. बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहून परत दिला: 'आणि रस्त्याचे पैसे कुणी दिले?' आठवडाभर राग होता मला. पण संस्कृती हा शब्द किती गोष्टी झाकतो ते तेव्हा कळलं. पेपरात 'अमेरिकन लोक असे असतात' असं वाक्य आलं की तू त्याखाली तोच प्रश्न लिहीत जा.

आणि टिपणं मराठीत काढ. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या, इथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' लिहिलं. मराठीत लिहिताना त्यांना गृहीत काहीच धरता आलं नाही, प्रत्येक गोष्ट पुण्याच्या वाचकाला मुळापासून समजावावी लागली. अमेरिकन बायकांच्या संस्थांचं कौतुक करताना त्या जरा वाहवल्या आहेत, असं मला वाटतं. पण 'सबर्ब'ला मराठीत काय म्हणायचं यावर तू दहा मिनिटं अडलीस, तर ती दहा मिनिटं सार्थकी लागली समज.

पुढच्या शुक्रवारी मला सुट्टी आहे. आपण न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्कच्या कचेरीत जाऊ. तू राहतेस त्या जागेचा ब्लॉक आणि लॉट नंबर आधी काढून ठेव. प्रत्येक खरेदीखतात त्याआधीच्या खताचं पुस्तक आणि पान दिलेलं असतं, तसं एकेक पायरी मागे उतरत जायचं. बघू १९२६च्या आधी तुझ्या खिडकीखाली काय होतं, कुणाचं होतं, आणि मधल्या एखाद्या खतात तो 'कॉकेशियन' शब्द सापडतो का. बसने येऊ नकोस. स्टॉपपर्यंत यायला तुझ्याकडे फुटपाथ नाही. मी गाडी घेऊन येते, नऊला खाली थांब.

तुझी,
मावशी